साडेआठ फुटांचें घर

कायद्याच्या पुस्तकांतील आंकडे वाचणें हा कोणाच्याहि आवडीचा उद्योग नव्हे. गुन्हे, शिक्षा, वारसा, हक्क यांविषयीं सुशिक्षित वाचक थोडेंबहुत कुतूहल बाळगितो. पण अमुक वाहन अमुक इंचांहून रुंद नसावें असलें कलम दिसलें, कीं तो पान उलटतो. आमचें मत असें आहे कीं, समाजाचा इतिहास पुष्कळदां अशाच रुक्ष कलमांत दडून बसलेला असतो. राजांच्या स्वाऱ्या आणि लढाया बखरकार लिहून ठेवितात. परंतु दोन अनोळखी माणसें अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलीं असतां कोणी किती अंग चोरावें, याचा निर्णय मात्र या कलमांतच सांपडतो. अशाच एका कलमाची हकीकत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. विषय परदेशचा आहे आणि वरकरणी चमत्कारिकहि आहे. गोठलेल्या सरोवरावर बसून मासे धरण्यासाठीं बांधलेलें घर मोटारीमागें ओढून न्यावयाचें असल्यास तें किती रुंद असावें, हा तो प्रश्न होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा हें संस्थान अगदीं उत्तरेस, कॅनडाच्या सीमेला लागून आहे. दहा हजार सरोवरांचा देश अशी त्याची ख्याति आहे. हिंवाळ्यांत हीं सरोवरें गोठतात. बर्फाचा थर चार इंच झाला म्हणजे त्यावरून माणसानें चालावें, आणि तो एक फुटाच्या पलीकडे गेला म्हणजे मगच जड मोटार न्यावी, असा तेथील सरकारी खात्याचा सर्वसाधारण इशारा असतो. सुमारें दोनशें चौरस मैलांच्या मिल लॅक्स सरोवरावर, तसेंच लीच लेक, लेक ऑफ द वुड्स इत्यादि सरोवरांवर, भर हिंवाळ्यांत हजारों लहान घरें उभीं राहतात. कांठावरचे विश्रामगृहवाले बर्फावरून रस्ते झाडून ठेवितात, भेगांवर फळ्यांचे पूल टाकितात आणि त्याबद्दल जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून पैसे घेतात. घराच्या जमिनीला भोंकें ठेविलेलीं असतात. त्यांच्या खालींच बर्फांतहि भोंकें पाडितात आणि त्यांतून गळ सोडून माणसें ऊबदार खोलींत बसतात. वॉलआय नांवाचा जो मासा या संस्थानानें १९६५ सालीं आपला राजमत्स्य म्हणून मान्य केला, त्याच्यासाठीं ही सारी खटपट असते.

या घराचा पूर्वज फार साधा होता. त्या प्रदेशांतील ओजिब्वे व डकोटा लोक बर्फाला भोंक पाडून त्यावर कांबळें किंवा कातडें पांघरून पालथे पडत. वरचा उजेड अडला म्हणजे खालचें पाणी उजळलेलें दिसे. मग लांकडी माशाचें आमिष पाण्यांत हालवून जवळ आलेला खरा मासा भाल्यानें मारीत. पुढें युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं कांबळ्याच्या जागीं फळ्यांचें खोपट आणिलें व त्यांत पत्र्याची शेगडी ठेविली. हें खोपट घसरपट्ट्यांवर बसविलेलें असे. कांठावर राहणारा माणूस तें आपल्या आवारांतून ओढीत थेट बर्फावर नेई. सार्वजनिक रस्त्याशीं त्याचा संबंध येत नसल्यामुळें तें किती रुंद आहे हें विचारण्याचें कोणालाहि कारण नव्हतें.

हें कारण मोटारीनें उत्पन्न केलें. शंभर-दीडशें मैलांवरच्या शहरांत राहणारा कारकून किंवा कारागीर शुक्रवारीं संध्याकाळीं निघून रविवारीं रात्रीं परत येऊं लागला, तेव्हां त्याला आपलें घर बरोबर न्यावेंसें वाटूं लागलें. घराखालीं चाकें आलीं. हीं चाकें अशा युक्तीनें बसविलेलीं असतात कीं, सरोवरावर पोंचल्यावर कळ फिरवून तीं वर उचलतां येतात आणि घराची सबंध चौकट बर्फावर टेकते. निघतांना तीं पुन्हां खालीं सोडावयाचीं. अशा रीतीनें एकच वस्तु तीन दिवस घर आणि चार तास वाहन झाली. आणि ज्या क्षणीं ती वाहन झाली, त्या क्षणीं वाहनांचा कायदा तिला लागू झाला. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणें वाहनाची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी आठ फूट सहा इंचांहून, म्हणजे १०२ इंचांहून, अधिक असूं नये. याहून रुंद वस्तु रस्त्यावरून न्यावयाची तर रस्ता ज्यांच्या ताब्यांत आहे त्यांचा खास परवाना काढावा लागतो.

या मर्यादेचा घराच्या रचनेवर काय परिणाम होतो तो पाहण्यासारखा आहे. कांहीं घरांची खोली साडेसहा फूट रुंद ठेवून चाकें भिंतीच्या बाहेर काढितात. कांहीं घरांची खोली आठ फूट करितात; मग चाकांना बाहेर जागा उरत नाहीं, तीं आंत येतात आणि त्यांवर पेटीसारखें झांकण घालावें लागतें. म्हणजे चाकांनीं बाहेर राहून खोली अरुंद करावी, कीं आंत येऊन पलंगाची जागा खावी, एवढीच निवड बांधणाऱ्याच्या हातीं राहते. लांबी वाढवितां येते. बारा फुटांपासून तीस फुटांपर्यंत घरें आढळतात. पण रुंदीच्या बाबतींत श्रीमंत आणि गरीब दोघेहि त्याच साडेआठ फुटांत बसतात. हा आंकडा आला कोठून, हें समजण्यासाठीं जरा मागें गेलें पाहिजे.

मराठींत चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतों, पण त्याचा मूळ अर्थ सहसा ध्यानांत आणीत नाहीं. गाडीच्या चाकांनीं रस्त्यांत पडलेली खांच ती चाकोरी. ज्या गाडीचीं चाकें त्या खांचेंत बसत नाहींत, ती गाडी एका बाजूनें कलंडते किंवा आंख मोडून घेते. तेव्हां कायदा लिहिला जाण्याच्या आधीं रस्त्यानेंच गाडीची रुंदी ठरविली होती. चीनमध्यें इसवी सनापूर्वी २२१ सालीं शी ह्वांग-ती या पहिल्या सम्राटानें सहा राज्यें जिंकून एकछत्री सत्ता स्थापिली, तेव्हां लिपि आणि मापें यांजबरोबर गाड्यांची रुंदीहि त्यानें एक करून टाकिली. साम्राज्य एक व्हावयाचें तर चाकोरी एक पाहिजे, हें त्या कठोर राज्यकर्त्यानें ओळखिलें होतें.

रोमन लोकांनीं हाच प्रश्न निराळ्या अंगानें सोडविला. इसवी सनापूर्वी पांचव्या शतकाच्या मध्यावर त्यांनीं जे बारा पट्टे कोरविले, त्यांतील नियम असा होता कीं, रस्ता सरळ भागीं आठ फूट व वळणावर सोळा फूट रुंद असावा. वळणावर दुप्पट कां? तर गाडी वळतांना तिचा मागचा भाग पुढच्या चाकांच्या वाटेनें न जातां आंतल्या बाजूस सरकतो व अधिक जागा अडवितो. आज मोटारीमागें लांबलचक घर जोडून वळण घेणाऱ्या चालकास जें शहाणपण पहिल्याच दिवशीं शिकावें लागतें, तें सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं कायद्यांत उतरलें होतें. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर वाटांची सबंध श्रेणीच दिली आहे. रथाच्या वाटेला पांच अरत्नि, पशूंच्या वाटेला चार, आणि लहान जनावरें व माणसें यांच्या वाटेला दोन. शिवाय वाट अडविणाऱ्यास दंड सांगितला आहे: माणसांची वाट अडविल्यास १२ पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास २४ पण. अरत्नि हें माप सुमारें दीड फुटाचें धरिलें, तर रथाची वाट साडेसात फुटांची, म्हणजे ९० इंचांची होते. हा ९० चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो दुसऱ्या खंडांत पुन्हां भेटणार आहे. त्यावरून एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें आम्ही म्हणत नाहीं. माणसाचें शरीर, घोड्याचें अंग आणि लांकडाच्या आंखाची ताकद हीं जगांत सगळीकडे सारखींच असल्यामुळें उत्तरेंहि जवळ जवळ आलीं, एवढेंच.

अमेरिकेंत रस्ते संस्थानांचे आणि त्यामुळें रस्त्यांचे कायदेहि संस्थानांचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मालमोटारी वाढल्या, तेव्हां प्रत्येक संस्थानानें आपापल्या मतीप्रमाणें वजनाच्या व रुंदीच्या मर्यादा घातल्या. एका संस्थानांतून कायदेशीर निघालेली गाडी सीमा ओलांडतांच गुन्हेगार ठरूं लागली. १९३२ सालीं संस्थानांच्या रस्ते-अधिकाऱ्यांच्या संघानें सर्वत्र ९६ इंच, म्हणजे आठ फूट, ही रुंदीची मर्यादा असावी अशी शिफारस केली. बहुतेकांनीं ती मानिली. पण दक्षिण कॅरोलिनानें १९३३ सालीं कायदा केला कीं, आमच्या रस्त्यांवर ९० इंचांहून रुंद व २०,००० पौंडांहून जड मालमोटार चालणार नाहीं.

व्यापारी वाहतूकवाले न्यायालयांत गेले. संस्थानासंस्थानांमधील व्यापारांत अडथळा आणण्याचा अधिकार एका संस्थानाला नाहीं, आणि लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्या ९६ इंचांच्या आहेत, हें त्यांचें म्हणणें. खालच्या न्यायालयानें तें मान्य केलें. परंतु १९३८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें न्यायमूर्ति हार्लन स्टोन यांच्या निकालपत्रानें तो निर्णय फिरविला. रस्ता संस्थानानें बांधिला, दुरुस्ति तेंच करितें, आणि त्यावर कोणतें वाहन सुरक्षित आहे हा प्रश्न विधिमंडळानें ठरवावयाचा आहे, न्यायाधीशांनीं नव्हे, असा त्याचा आशय होता. आणखी एक मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. जी मर्यादा परक्यांच्या गाड्यांना, तीच स्वतःच्या नागरिकांच्या गाड्यांना. जो जाच आपल्याच लोकांना सोसावा लागतो, तो विधिमंडळ विनाकारण वाढविणार नाहीं, हा लोकशाहीचा अंगभूत बंदोबस्त न्यायमूर्तींनीं दाखवून दिला.

सहा इंचांसाठीं एवढा खटला कां, असें वाचकांस वाटेल. थोडें गणित करून पाहावें. त्या काळीं सोळा फुटांचे पक्के रस्ते दुर्मिळ नव्हते. अशा रस्त्यावर आठ फुटी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर मध्यें व बाजूंस मिळून अंतर उरतें शून्य. त्याच गाड्या साडेसात फुटी असतील तर एक फूट उरतो. शून्य आणि एक फूट यांतील फरक कागदावर बारा इंचांचा आहे; रस्त्यावर तो जीवनमरणाचा आहे. इंग्लंडांत मोटारबसची रुंदी १९४६ पर्यंत साडेसात फुटांवरच अडवून धरिली होती, तिच्या मुळाशींहि जुन्या अरुंद रस्त्यांचाच विचार होता.

पुढें रस्ते रुंदावले. १९५६ सालीं मध्यवर्ती सरकारनें अखिल देशांतील महामार्गांची मोठी योजना हातीं घेतली व बहुतांश खर्च स्वतः सोसला. पैसा देणाऱ्यानें अट घातली कीं, या महामार्गांवर ९६ इंचांहून रुंद वाहनांस मुभा देणाऱ्या संस्थानास पैसा मिळणार नाहीं. मात्र त्या सालच्या १ जुलैपूर्वींच जेथें अधिक रुंदी मान्य होती तेथें ती चालूं राहील. हवाई बेटांत १०८ इंचांची मुभा आजहि आहे ती याच सवलतीमुळें. या नव्या महामार्गांवर एकेका गाडीची पट्टी बारा फुटांची आंखिलेली होती. १९७६ सालीं बसगाड्यांना १०२ इंचांपर्यंत मोकळीक मिळाली. १९८१ सालीं, मिनेसोटाच्या शेजारच्या आयोवा संस्थानाची ६५ फुटी जोड-मालगाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. त्या बंदीनें सुरक्षितता वाढते असें पुराव्यानें दिसत नाहीं, आणि तिचा भार मात्र बाहेरच्यांवर पडतो, हें तिला नडलें. शेवटीं १९८२ च्या कायद्यानें (त्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही जानेवारी १९८३ मध्यें झाली) मोठ्या मार्गांवर व्यापारी वाहनांसाठीं १०२ इंचांची मर्यादा सर्व देशभर घालून दिली. १९३८ सालीं ज्यांनीं आपले ९० इंच राखिले होते, त्यांनाहि आपल्या मोठ्या मार्गांवर साडेआठ फुटांच्या गाड्या येऊं द्याव्या लागल्या. संस्थानांनीं हाच आंकडा हळूहळू इतर वाहनांसहि लागू केला, आणि अशा वाटेनें तो सरोवराकडे निघालेल्या घरापर्यंत येऊन पोंचला.

घर आणि वाहन यांचें हें भांडण पूर्वीं एकदां होऊन गेलेलें आहे. मोटारीमागें ओढण्याचीं राहतीं घरें आरंभीं आठ फूट रुंद असत, कारण त्याहून रुंद वस्तूला परवाना लागे. आठ फुटांत खोल्यांच्या कडेनें बोळ काढतां येत नाहीं. मागच्या खोलींत जावयाचें तर मधल्या खोलींतून, निजलेल्या माणसाला ओलांडूनच जावें लागे. विस्कॉन्सिन संस्थानांतील मार्शफील्ड होम्स या कारखान्याचे एल्मर फ्राय यांनीं १९५४ च्या सुमारास दहा फुटी घर बाजारांत आणिलें व अशा घरांना परवाने मिळावे म्हणून संस्थानोसंस्थानीं खटपट केली. दोन फूट वाढतांच बोळ आला, आणि कुटुंबांतील प्रत्येकास दार लावून घेण्याची सोय झाली. ही सुधारणा लहान नव्हे. पण तिची किंमतहि मोठी होती. दहा फुटांचें घर मालकाच्या मोटारीमागें निघेनासें झालें. तें कारखान्यांतून एकदां जागेवर जाऊन कायमचें बसलें. पुढें बारा व चौदा फुटांचीं घरें निघालीं आणि चाकें केवळ नांवापुरतीं उरलीं. फिरणें आणि ऐसपैस राहणें यांपैकीं एकाची निवड करावी लागते, हा त्या इतिहासाचा धडा आहे. बर्फावरच्या घराला निवड करतां येत नाहीं. त्याला दोन्ही हवीं. म्हणून तें साडेआठ फुटांत मुकाट्यानें राहतें.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. सरोवर एवढें अफाट, हिंवाळी रस्ते पुष्कळदां ओस. तेथें चार इंच अधिक झाले म्हणून कोणाचें काय बिघडतें? आपल्या पैशांनीं, आपल्या हातांनीं बांधिलेल्या घराला सरकारनें माप कां लावावें? याचें उत्तर असें कीं, सरोवरावर हें माप कोणी लावीतच नाहीं. बर्फावर नेऊन जोडतां येईल तेवढें रुंद घर जोडावें. तेथें बर्फाचाच कायदा चालतो, आणि तो थराच्या जाडीखेरीज दुसरें कांहीं विचारीत नाहीं. साडेआठ फूट विचारतो तो रस्ता. आणि रस्ता मालकाच्या एकट्याच्या मालकीचा नाहीं. बारा फुटांच्या पट्टींत साडेआठ फुटांचें घर मध्यावर ठेविलें, तर दोन्ही बाजूंस पावणेदोन पावणेदोन फूट उरतात. दहा फुटांच्या पट्टींत नऊ नऊ इंच उरतात. आतां यांत मिनेसोटाचा जानेवारी मिळवावा: सायंकाळीं पांचाच्या सुमारास अंधार, कडेला लोटून ठेविलेल्या बर्फाचे ढीग, निसरडा रस्ता, आणि वाऱ्यानें मागें हेलकावणारें उंच, हलकें, सपाट भिंतींचें घर. कायद्यांतील रुंदीचा आंकडा उन्हाळ्यांत आणि हिंवाळ्यांत एकच असतो. रस्त्याची रुंदी मात्र हिमवर्षावानंतर एक राहत नाहीं. म्हणून कलमानें दिलेली सर्वच्या सर्व मुभा वापरणें हें पुष्कळदां शहाणपणाचें नसतें. चार इंच अधिक मागणारा मनुष्य ते सरकारकडून घेत नसतो. समोरून येणाऱ्याच्या नऊ इंचांतून तो ते घेत असतो.

घर परत आणण्याचा दिवसहि कायद्यानेंच ठरविला आहे. मिनेसोटाच्या दक्षिणेकडील मोठ्या भागांत मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत व उत्तर भागांत तिसऱ्या सोमवारपर्यंत घरें सरोवरावरून काढलीं पाहिजेत, नाहींतर बर्फ वितळून तीं तळाशीं जातील व पाणी घाण होईल. म्हणजे थोड्याच दिवसांत हजारों घरें एकदम रस्त्यावर येतात. त्या दिवसांत प्रत्येक घर दोन इंच अधिक रुंद असतें तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्याकडे सरोवरें गोठत नाहींत. पण हा हिशेब आपल्यालाहि चुकलेला नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, आणि २.६ मीटर म्हणजे १०२ इंच व वर थोडेंसें. अमेरिकेच्या नियमांतहि १०२ इंचांचें मेट्रिक माप म्हणून हाच आंकडा दिलेला आहे. ऊंस गाडीबाहेर हातभर लोंबत ठेवून अंधारांत निघणारा, आणि समोरून दुचाकीवर घरीं परतणारा, यांच्यामध्यें जें कलम उभें आहे तें याच वंशांतील होय.

चाकोरीपासून महामार्गापर्यंत रुंदीचा आंकडा कितीदां तरी बदलला आणि पुढेंहि बदलेल. रस्ते रुंदावतील, घरें रुंदावूं पाहतील, कारखानदार एक इंच मागतील आणि न्यायालयांत पुन्हां वाद होतील. यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या दिवशीं नवा इंच मागितला जाईल, त्या दिवशीं तो कोणाच्या वांट्याचा आहे हें आधीं विचारिलें जावें. घरांत किती ऐसपैस राहावें हें घरच्या माणसांनीं ठरवावें. पण तेंच घर रस्त्यावर आलें, कीं त्याच्या भिंती समोरून येणाऱ्या, नांवगांव माहीत नसलेल्या माणसाच्या संमतीनेंच उभ्या राहूं शकतात. ती संमति दर वेळीं त्याला थांबवून विचारतां येत नाहीं, म्हणून ती एकदांच विचारून कायद्याच्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे.